सत्ता गेली, श्रद्धा राहिली

जुहू म्हटले की आज डोळ्यांसमोर येतात ती समुद्रकिनाऱ्यावरची गर्दी, पंचतारांकित हॉटेले, चित्रपट कलावंतांचे बंगले आणि जुन्या विमानतळाची धावपट्टी. १९३२ साली जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाचे विमान घेऊन याच धावपट्टीवर उतरले, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्याआधीचे जुहू मात्र फारसे कोणाच्या स्मरणात नाही. एकोणिसाव्या शतकात जुहू हे साष्टीच्या पश्चिम किनाऱ्याला लागून असलेले एक चिंचोळे, रेताड बेट होते. मधली खाडी ओहोटीच्या वेळी पायी ओलांडता येई. भरती आली की बेटाचा साष्टीशी संबंध तुटे. माडाच्या झाडांवर चढणारे भंडारी, मीठ पिकविणारे आगरी, जमीन कसणारे कुणबी आणि समुद्रावर पोट असलेले कोळी एवढीच तेथली वस्ती. या लहानशा वस्तीत १८५३ साली संत जोसेफ यांच्या नावाने ख्रिस्तमंदिर उभे राहिले.

या सालाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. १८५३ हे मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाल्याचे साल म्हणून सर्वांना परिचित आहे. मात्र उत्तर कोकणातील ख्रिस्ती माणसाने या सालाचा आणखी एक हिशोब मांडावयास हवा. पोर्तुगीजांची सत्ता साष्टीतून १७३७ साली आणि वसईतून १७३९ साली संपुष्टात आली. म्हणजे जुहूचे ख्रिस्तमंदिर बांधले गेले तेव्हा येथून पोर्तुगीज अंमल उठून शंभराहून अधिक वर्षे लोटली होती. एवढ्या काळात चार-पाच पिढ्या जन्मास येऊन मातीस मिळाल्या. राजाश्रय नाही, सैन्य नाही, खजिना नाही. तरीही एका रेताड बेटावरील कष्टकरी माणसांना आपल्यासाठी प्रार्थनामंदिर असावे असे वाटले. हे कसे घडले? ‘पोर्तुगीजांनी दिलेला धर्म पोर्तुगीजांबरोबरच जावयास हवा होता’ असे म्हणणारे पूर्वीही होते, आजही आहेत. त्यांना इतिहासानेच दिलेले उत्तर या लेखात मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

पहिली कसोटी : आश्रय गेला

१५३४ च्या तहाने गुजरातच्या सुलतानाकडून वसई व तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगीजांच्या हाती आला आणि त्यांच्यामागोमाग फ्रान्सिस्कन व जेज्वित धर्मगुरू आले. त्यांनी ख्रिस्तमंदिरे बांधली, शाळा व अनाथालये चालविली, गोरगरिबांची सेवा केली. हे सारे खरे आहे. त्या राजवटीने इतरांच्या धर्मस्थानांवर अन्याय केला, हेही तितकेच खरे आहे आणि ते सांगताना आमची लेखणी अडखळता कामा नये. बोरीवलीजवळील मंडपेश्वरच्या शैव लेण्यांचे ख्रिस्तमंदिरात रूपांतर झाले होते. हा मुलूख मराठ्यांच्या ताब्यात आल्यावर तेथे पुन्हा शिवाची पूजा सुरू झाली. ज्यांचे हिरावून घेतले गेले होते, त्यांच्या मनात राग असणे स्वाभाविक होते. सत्तेच्या बळावर उभे केलेले सत्तेबरोबरच कोसळते, असा धडा त्या दगडांनी दिला आहे.

चिमाजी आप्पांच्या फौजांनी १७३७ साली ठाणे व साष्टी घेतली. मे १७३९ मध्ये प्रदीर्घ वेढ्यानंतर वसईचा किल्ला पडला. युरोपीय धर्मगुरूंना हा मुलूख सोडावा लागला. कित्येक ख्रिस्तमंदिरे ओसाड पडली आणि त्यांच्या भिंतींवर झाडे उगवली. बांद्र्याच्या डोंगरावरील मातमाऊलीचे प्रार्थनामंदिरही त्या धामधुमीत उद्ध्वस्त झाले. ज्यांच्याकडे साधन होते, त्यांतील अनेकजण गोव्याकडे किंवा मुंबई बेटाकडे निघून गेले. मागे राहिला तो शेतकरी, कोळी, भंडारी आणि आगरी. त्याला जाण्यासारखे ठिकाण नव्हते. शेत पाठीवर घेऊन जाता येत नाही आणि समुद्रही पदरात बांधून नेता येत नाही.

त्याने काय केले? तो आपल्या श्रद्धेला धरून राहिला. या बाबतीत न्यायबुद्धीने हेही नमूद करावयास हवे, की तहाच्या अटींनुसार ख्रिस्ती लोकांना धर्मपालनाची मुभा मिळाली होती आणि मराठी अंमलात ती बऱ्याच अंशी पाळलीही गेली. युरोपीय धर्मगुरूंच्या जागी गोव्याहून एतद्देशीय धर्मगुरू आले. एकेकाला दूरदूरची गावे सांभाळावी लागत. पावसाळ्यात चिखल तुडवीत, खाड्या ओलांडीत ते फिरले. त्यांतील बहुतेकांची नावे इतिहासाने जपलेली नाहीत. मात्र आमच्या पूर्वजांच्या बाळांना स्नानसंस्कार देणारे आणि मरणाऱ्यांच्या उशाशी बसणारे हात त्यांचेच होते.

या काळाचा एक तटस्थ साक्षीदार उपलब्ध आहे. पारशी धर्मग्रंथांचा अभ्यास करण्यासाठी भारतात आलेला फ्रेंच विद्वान आंकेतिल द्यू पेराँ हा १७६० साली साष्टीतून प्रवास करीत होता. पोर्तुगीज जाऊन वीस वर्षे झाली होती. येथे ख्रिस्ती धर्म नामशेष झाला असेल अशी समजूत असावयास हरकत नव्हती. प्रत्यक्षात त्याला ख्रिस्ती लोक रस्त्यांवर उघडपणे वावरताना दिसले. ठाण्याच्या ख्रिस्तमंदिरात तो एका सणाला उपस्थित होता. तेथे हजारोंचा समुदाय जमला होता आणि वेदीपाशी होते ते एतद्देशीय धर्मगुरू. त्याच सुमारास, म्हणजे १७६१ साली, बांद्र्याच्या डोंगरावर मातमाऊलीचे मंदिर पुन्हा उभे राहिले. त्या वेळी बांद्रा मराठ्यांच्याच अंमलाखाली होते. इंग्रजांनी ठाणे जिंकले ते १७७४ च्या डिसेंबरात. म्हणजे ते मंदिर कोणा ख्रिस्ती राजाच्या कृपेने उभे राहिलेले नाही. आज सप्टेंबरच्या जत्रेला सर्व धर्मांचे लोक मेणबत्त्या घेऊन त्या पायऱ्या चढतात, तेव्हा त्या जुन्या सहिष्णुतेचीच आठवण जागी होते, असे आम्हांस वाटते.

घर हेच देऊळ

धर्मगुरू महिनोन्महिने येत नसता श्रद्धा टिकली कुठे? आमचे उत्तर असे : ती घरात टिकली, आणि ती मातृभाषेत टिकली. फ्रान्सिस्कन धर्मगुरू फ्रान्सिस्को वाझ द गिमारायंश यांचे ख्रिस्ताच्या दुःखसहनावरील मराठी पुराण १६५९ साली लिस्बन येथे छापले गेले. उपवासकाळात उत्तर कोकणातील ख्रिस्ती घरांतून ते गाइले जात असे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ त्याआधीच, १६१६ साली, गोव्यात प्रसिद्ध झाले होते. ज्या लोकांना लॅटिन कळत नव्हते आणि पोर्तुगीज बोलता येत नव्हते, त्यांना आपल्या तारणाऱ्याची कथा ओवीत मिळाली. जात्यावर, ओटीवर, मुलाला निजविताना जी भाषा ओठांवर येते, त्याच भाषेत ख्रिस्तही त्यांच्या घरी आला. परक्या भाषेतील धर्म पाहुण्यासारखा येतो आणि जातो. मातृभाषेतील धर्म मात्र घरचा होऊन राहतो.

संध्याकाळी दिवेलागणीला कुटुंब एकत्र बसे, आजी जपमाळेला सुरुवात करी आणि लेकरे प्रतिसाद देत. जपमाळ शिकण्यासाठी अक्षरओळख लागत नाही. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांनी १५९७ साली नागासाकी येथे क्रूसावर प्राण अर्पण केले आणि १८६२ साली ते संतपदास पोहोचले. त्यांचा आम्हांस सार्थ अभिमान आहे. पण रक्तसाक्षी होणे एखाद्याच्याच वाट्यास येते. रोज संध्याकाळी थकल्या अंगाने गुडघे टेकणे, आणि तेही सत्तर वर्षे, हा दुसऱ्या प्रकारचा साक्षीदारपणा आहे. आमच्या गावठाणांतील आज्यांनी तो दिला.

दुसरी कसोटी : साथीचे रोग

अंधेरीच्या पूर्वेस कोंदिवटे येथे जेज्वितांनी १५७९ साली बांधलेले बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाचे ख्रिस्तमंदिर होते. १८४० च्या सुमारास तेथे साथीच्या रोगाने कहर केला आणि वस्ती उठली. लोक शेजारच्या मरोळ गावात आले. येताना त्यांनी जुन्या मंदिरातील वेद्या, स्नानसंस्काराचे कुंड, संतांच्या मूर्ती आणि घंटा सोबत आणल्या. मरोळला नवे ख्रिस्तमंदिर उभे राहिले आणि त्यात ही सारी जुनी चिजवस्तू नांदू लागली. ज्या कुंडात आपल्या पूर्वजांचा स्नानसंस्कार झाला, त्याच कुंडात आपल्या नातवंडांचाही व्हावा, एवढीच त्यांची इच्छा. घरातील माणसे नुकतीच पुरून आलेल्या लोकांनी दगडी कुंड वाहून नेण्याचे कष्ट घ्यावेत, यातच त्यांच्या आशेचे माप दिसते. जुन्या मंदिराचे भग्नावशेष आज सीप्झच्या औद्योगिक वसाहतीच्या आवारात आहेत आणि वर्षातून एकदा, मे महिन्यात, तेथे मिस्सा होते.

याहून भयंकर कसोटी पुढे होती. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात ताप आणि गाठी यांनी माणसे पटापट दगावू लागली. हा गाठीचा प्लेग आहे असे निदान ज्यांनी प्रथम केले, ते डॉक्टर आकासिओ गाब्रिएल विएगश हे मूळचे गोव्यातील हडफडे गावचे कॅथलिक. त्यांचे निदान अनेकांना रुचले नाही. प्लेग जाहीर झाला की बंदर बंद पडते आणि व्यापार बुडतो. तरी ते आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले. वॉल्डेमार हाफकिन या ज्यू शास्त्रज्ञाने १८९७ च्या जानेवारीत प्लेगची लस तयार करून ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे डॉक्टर विएगश यांनी स्वतःच्या हाताने सुमारे १८ हजार लोकांना लस टोचल्याची नोंद आहे. १९०६ साली ते मुंबई महापालिकेचे पहिले ख्रिस्ती अध्यक्ष झाले. धोबीतलावजवळ मेट्रो चित्रपटगृहासमोर त्यांचा पुतळा आहे. त्यावरून रोज हजारो लोक जातात. हा कोणाचा पुतळा, असे क्वचितच कोणी विचारीत असेल.

प्लेगने मुंबईचे काय केले, ते शिरगणतीचे आकडे सांगतात. १८९१ साली शहराची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. १९०१ साली ती ७,७६,००६ झाली. वाढत्या शहराची वस्ती दहा वर्षांत घटली. कोणी मेले, कोणी पळून गेले. रोग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, हे तेव्हा सामान्य माणसास माहीत नव्हते. त्याला एवढेच दिसे की सकाळी धडधाकट असलेले माणूस दोन-तीन दिवसांत नाहीसे होते. १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारला घरात शिरण्याचा, माणसे वेगळी काढण्याचा, सामान जाळण्याचा अधिकार दिला. रोगाचे भय एकीकडे आणि तपासणी पथकाचे भय दुसरीकडे. अशा वेळी शेजारी शेजाऱ्याला ओळखेनासा होतो.

याच काळात साष्टीच्या गावठाणांतून आणि पाखाड्यांतून क्रूस उभे राहिले. वांद्रे, खार, सांताक्रूझ, पार्ले, अंधेरी आणि पलीकडे मुंबई शहरातही, गल्लीच्या तोंडाशी, विहिरीजवळ, दोन वाटा मिळतात तेथे. त्यांतील अनेकांच्या चौथऱ्यांवर १८९६ पासून पुढच्या दहा-बारा वर्षांतील साले कोरलेली आहेत. लोक त्यांना प्लेगचे क्रूस म्हणतात. संध्याकाळी वस्तीतील माणसे तेथे जमत, जपमाळ आणि लदीन म्हणत, प्लेगपासून रक्षण करणाऱ्या संत सेबास्तियन आणि संत रोक यांचा धावा करीत. ख्रिस्तमंदिर दूर असले, घरात रोगी असला, तरी गल्लीतला क्रूस दारात उभे राहून दिसे.

ही कल्पना ख्रिस्तसभेच्या इतिहासाला नवी नव्हती. १५७६ साली मिलान शहरात प्लेग पसरला तेव्हा तेथील महागुरूस्वामी संत चार्ल्स बोरोमिओ यांनी चौकाचौकांत वेद्या व क्रूसस्तंभ उभारले. घरांत कोंडलेल्या लोकांना खिडकीतून मिस्सेत सहभागी होता यावे, हा त्यांचा हेतू होता. आमच्या पाखाड्यांतील शेतकऱ्यांनी आणि कोळ्यांनी मिलानचे नाव ऐकले होते की नाही, याने फरक पडत नाही. देव मंदिराच्या भिंतींत मावत नाही. माणूस मंदिरापर्यंत जाऊ शकत नसेल तर देवच त्याच्या गल्लीत येऊन उभा राहतो, हे दोघांनाही सारखेच उमगले होते.

येथे एक आक्षेप येण्यासारखा आहे. प्लेग लशीने आणि स्वच्छतेने हटला. क्रूसाने काय केले? प्रश्न रास्त आहे आणि तो टाळण्याचे कारण नाही. क्रूसाने पिसवा मारल्या नाहीत. पण भयाने माणसे एकमेकांपासून दूर पळत असताना क्रूसाने त्यांना रोज संध्याकाळी एकत्र आणले. आज कोण आले नाही, कोणाच्या घरी चूल पेटली नाही, हे तेथे कळे. प्रार्थना संपल्यावर पेजेचे भांडे कोणाच्या दारी पोहोचवावयाचे, हेही अशाच जमण्यातून ठरते. श्रद्धेचे काम प्रीतीला वाट करून देणे हे आहे. डॉक्टर विएगश यांची सुई आणि गल्लीतील जपमाळ यांच्यात आम्हांस विरोध दिसत नाही. त्याच १८९७ च्या मार्चमध्ये पुण्याजवळ सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्याच रोगाने निवर्तल्या. त्या आमच्या धर्माच्या नव्हत्या. पण मित्रासाठी प्राण देण्याहून मोठी प्रीती नाही, या प्रभूच्या शिकवणीचा अर्थ ज्यांनी जगून दाखविला, त्यांत त्यांचे नाव आम्ही आदराने घेतो.

तिसरी कसोटी : घरातली फूट

संकटे बाहेरूनच येतात असे नाही. जुहूचे ख्रिस्तमंदिर उभे राहिले त्याच १८५३ साली माहीमला एक विदारक प्रसंग घडला. मुंबई परिसरातील कॅथलिकांत पादरोआदो आणि प्रोपागांदा, म्हणजे पोर्तुगालच्या राजाने नेमलेला अधिकार आणि थेट रोमने नेमलेला अधिकार, असे दोन पक्ष पडले होते. माहीमच्या ख्रिस्तमंदिराच्या ताब्यावरून वाद इतका विकोपास गेला, की बिशप हार्टमन यांना आपल्या अनुयायांसह त्या मंदिरात कोंडून घ्यावे लागले. बांद्र्यात संत आंद्रे यांचे मंदिर एका अधिकाराखाली तर संत पेत्र यांचे दुसऱ्या. एकाच गावचे, एकाच रक्ताचे लोक वेगवेगळ्या महागुरूस्वामींना मानीत. १८८६ साली पोर्तुगाल व रोम यांच्यात करार होऊन काही तोडगा निघाला. पुढे १९२८ साली साष्टीतील पादरोआदोची ख्रिस्तमंदिरे मुंबईच्या महाधर्मप्रांतात आली आणि ही दुही मिटली.

शत्रूच्या तोफांनी जे साधले नाही, ते भाऊबंदकीने साधण्याची वेळ आली होती. तरीही सामान्य माणसाने मिस्सा सोडली नाही, मुलांचे धर्मशिक्षण सोडले नाही. वाद वरच्या पायऱ्यांवर चालू होता. खाली, क्रूसापाशी, गुडघे टेकलेलेच होते. धर्मगुरू म्हणून हे लिहिताना आम्हांस जाणवते, की अशा प्रसंगी प्रापंचिकांनीच ख्रिस्तसभेला सावरले आहे.

आजचा प्रश्न

प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात क्लेशातून धीर, धीरातून कसास उतरलेले शील आणि त्यातून आशा अशी एक साखळी दाखविली आहे. साष्टीच्या इतिहासात ती साखळी कडी-कडीने पाहावयास मिळते. आश्रय गेला तेव्हा घर हे देऊळ झाले. देऊळ ओसाड पडले तेव्हा गल्ली हे देऊळ झाले. २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे मुंबईची सर्व ख्रिस्तमंदिरे बंद झाली, तेव्हा हा इतिहास पुन्हा जिवंत झाला. त्याच महिन्याच्या २७ तारखेस तत्कालीन पोप फ्रान्सिस रोममध्ये पावसात, निर्मनुष्य चौकात एकटे प्रार्थना करीत होते. त्यांच्यामागे उभा होता तो १५२२ च्या प्लेगमध्ये रोमच्या रस्त्यांतून मिरविलेला लाकडी क्रूस. आणि इकडे आमच्या घराघरांतून, पणज्यांच्या काळाप्रमाणे, पुन्हा संध्याकाळची जपमाळ सुरू झाली.

ती आजही चालू आहे का? हा प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवतो. जुहूची खाडी बुजली, बेट राहिले नाही. गावठाणांना उंच इमारतींनी वेढले आहे. घर विकून वसई-विरारकडे किंवा परदेशी गेलेल्यांची संख्या लहान नाही. मुलांच्या तोंडी मातृभाषा राहिलेली नाही आणि आजीची लदीन त्यांना समजत नाही. २०१७ च्या एप्रिलअखेर बांद्र्याच्या बाजार रोडवरील एक जुना क्रूस अनधिकृत ठरवून पाडण्यात आला, तेव्हा समाज हळहळला आणि त्याने शांततेने निषेध नोंदविला. ते योग्यच झाले. कोणाविषयी द्वेष न बाळगता आपला हक्क मागणे हेही ख्रिस्ती प्रीतीत बसते. परंतु क्रूस पाडला गेला म्हणून जमणाऱ्यांपैकी किती जण तो उभा असताना संध्याकाळी तेथे जमत होते, हेही स्वतःस विचारावयास हवे.

आमच्या पूर्वजांवर आलेली संकटे उघड होती : युद्ध, रोगराई, दुही. आजचे संकट सुखवस्तूपणाचे रूप घेऊन येते, म्हणून ते ओळखू येत नाही. त्यावर उपाय मात्र जुनाच आहे आणि त्यास पैसा लागत नाही. घरात दिवसातून एकदा सर्वांनी मिळून प्रार्थना करावी, ती आपल्या भाषेत करावी आणि प्रार्थनेनंतर शेजारच्या घरात आजारी कोण आहे याची चौकशी करावी. धर्माने तो शेजारी कोणीही असो. सत्ता, आश्रय आणि मोठमोठी मंदिरे यांवाचून साष्टीतील श्रद्धा अडीच शतकांहून अधिक काळ एवढ्यावरच जगली आहे.